'मी' म्हणायला बंदी असेल तर: 'आम्ही' की 'आपण'?

प्रश्न एका भाषांतरकाराचा आहे. डिस्टोपियन, म्हणजे भयाण भविष्य रंगवणाऱ्या, कथेतल्या राज्यात कुणालाही 'मी' म्हणायची मुभा नाही, सगळे स्वतःबद्दल 'वी' (we) असं बोलतात. मराठीत त्यासाठी 'आम्ही' घ्यावं की 'आपण'?

दोन्ही लागतील, पण वेगवेगळ्या तोंडी. इंग्रजीत किंवा रशियनमध्ये ऐकणारा या अनेकवचनात धरलाय की वगळलाय, हे उघड न करता बोलता येतं. मराठीत ते आधी ठरवावं लागतं, आणि अशा कथेत तोच सगळ्यात मोठा निर्णय असतो.

रशियन लेखक येवगेनी झाम्यातिन यांची कादंबरी या प्रकारातली फार आधीची. १९२०-२१च्या सुमारास लिहिलेली. मायदेशात ती छापू दिली गेली नाही. १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये इंग्रजी भाषांतर आलं, रशियात प्रकाशित व्हायला १९८८ उजाडलं. तिच्या शीर्षकाचा अर्थ 'आम्ही' असाच होतो. (गंमत म्हणजे मूळ रशियन शब्द आपल्या कानाला 'मी'च्या जवळचा वाटतो.) माणसांना नावं नाहीत, क्रमांक आहेत. घरं काचेची. निवेदक डी-५०३ पहिल्याच नोंदीत लिहितो की, मला जे वाटतं ते, नव्हे, आम्हाला जे वाटतं ते मी टिपणार आहे. इथे 'आपण' चालणार नाही, कारण त्या नोंदी परग्रहावरच्या अनोळखी वाचकांसाठी आहेत. वाचक या 'आम्ही'च्या बाहेरचा आहे.

राज्य जेव्हा स्वतःच्या माणसांशी बोलतं, तेव्हा मात्र मी निःशंकपणे 'आपण' वापरेन. घोषणा, फलक, सकाळची प्रार्थना, सगळीकडे. 'आम्ही' म्हटलं की समोर कुणीतरी 'तुम्ही' उरतो आणि त्याला नकार द्यायला जागा राहते. 'आपण सुखी आहोत' या वाक्यात ऐकणाऱ्याला न विचारताच सामील करून घेतलेलं असतं. सक्तीचं इतकं मऊ रूप दुसऱ्या सर्वनामात मिळणार नाही. शिवाय याच शब्दात 'स्वतः' हा अर्थही जिवंत आहे: आपण होऊन केलं, ज्याचं त्याने आपलं आपण बघावं. एखादं पात्र हळूच 'आपण होऊन' म्हणालं, तर राज्याच्याच शब्दातून माणूस डोकावतो. भाषांतरकाराने ही संधी सोडू नये.

खरी अडचण पुढे आहे. मराठीत एका माणसासाठी अनेकवचन आलं की आपल्याला आधी आदर ऐकू येतो. 'आम्ही' म्हटलं की राजा बोलतोय असं वाटतं, 'ते आले' म्हटलं की कुणी मोठी व्यक्ती आली असं. लेखिका आयन रँड यांच्या १९३८च्या 'अँथेम' या लघुकादंबरीत 'मी' हा शब्द उच्चारणाऱ्याला जिवंत जाळतात, आणि एकेकट्या माणसाचा उल्लेखही अनेकवचनातच होतो. हे सरळ मराठीत उतरवलं, तर व्यक्ती पुसली गेल्याची भीती मानमरातबाखाली झाकली जाईल. उपाय एकच सुचतो. जिथे आदराची शक्यताच नाही, तिथे हे अनेकवचन लवकर आणायचं. तान्हा मुलगा रडला, तरी 'ते रडले'. चोर पकडला, तरी 'त्यांनी चोरी केली'. दोन-तीन पानांत वाचकाचा कान बदलतो.

'अँथेम'मध्ये नायिका अखेरीस निवेदकाला 'आय लव्ह यू' म्हणते. तोवर तिला 'वी'च म्हणता येत होतं. मराठीत हा बदल मुळाहूनही ठळक होईल. 'आम्ही तुमच्यावर प्रेम करतो' या वाक्यात बोलणारी स्त्री आहे हे कळतच नाही, कारण प्रथमपुरुषी अनेकवचनात क्रियापदाचं लिंग दिसत नाही. 'मी तुझ्यावर प्रेम करते' म्हणताच तिचं एकटेपण आणि तिचं बाईपण, दोन्ही क्रियापदात परत येतात. 'तुम्ही'चा 'तू' होतो तो वेगळाच. इथे 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' ही रचना टाळा, तिच्या क्रियापदात हे काहीच दिसणार नाही.

पुरुष निवेदकाचं उलट आहे. 'मी लिहितो, आम्ही लिहितो', 'मी थांबलो, आम्ही थांबलो': क्रियापद तेच. म्हणून एरवी सर्वनाम गाळायची जी सवय आपल्याला असते, ती या मजकुरात आवरायला हवी, नाहीतर 'आम्ही'चा जाच वाचकाला जाणवणारच नाही. पण तो बंडाच्या उंबरठ्यावर आला, की मुद्दाम गाळा. 'लिहितो. थांबतो. पुन्हा लिहितो.' एक माणूस की हजार, हे त्याच्या वह्या तपासणाऱ्यालाही सिद्ध करता येणार नाही. फक्त भविष्यकाळ आणि 'आहे' जपून वापरा, 'लिहीन' किंवा 'लिहितो आहे' म्हटलं की तो सापडला. स्त्री निवेदक असेल तर ही पळवाटच नाही. 'थांबते' एवढ्यानेच ती एकटी असल्याचं कळतं.