चिखलदऱ्याची थंडी आणि कुंडीतली जास्वंद

प्रश्न : काकू, आम्ही चिखलदरा तालुक्यात राहतो. अंगणात कुंड्यांत जास्वंद, मोगरा आणि गुलाब आहेत. मागच्या डिसेंबरात एका सकाळी गवतावरचं दव गोठून पांढरं झालं. कुंड्यांवर रात्री प्लास्टिक टाकलं होतं, तरी जास्वंदीची वरची पानं काळी पडली. गुलाबाला काहीच झालं नाही. यंदा काय करू?
– एक वाचक, जि. अमरावती

उत्तर : ताई, गुलाबाची काळजी सोडा, त्याचा तर हाच हंगाम. खरी नाजूक जास्वंद. पारा दहाच्या खाली गेला की तिची पानं पिवळी पडू लागतात, आणि दव गोठलं की शेंडे जातात. २९ डिसेंबर २०१८ला खाली नागपुरात ३.५ अंश होते. चिखलदरा तर हजार मीटरहून उंच.

वारा पडलेला आणि आभाळ निरभ्र, अशी रात्र सगळ्यात वाईट. पानं आपली ऊब उघड्या आभाळाकडे टाकत राहतात आणि भोवतीच्या हवेपेक्षाही गार होतात. म्हणून पारा तीन-चारवर असला तरी पानावर दव गोठू शकतं. ढगाळ रात्री उगाच धावपळ करू नका.

प्लास्टिक पानाला टेकलं की बाहेरचा गारठा थेट पानाला लागतो, वर आतली ओलही तिथंच धरते. त्यापेक्षा कुंडी उचलून छपरीत न्या. डोक्यावर छप्पर आलं की अर्धं काम झालं. जी उचलत नाही ती पश्चिमेच्या किंवा दक्षिणेच्या भिंतीला सरकवा. दुपारभर तापलेली भिंत रात्री ऊब सोडते. कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवा, भोवती बारदान गुंडाळा, मधल्या फटीत कुटार म्हणजे भुसा भरा. जमिनीतल्या झाडाच्या मुळांना खालच्या मातीची ऊब असते, कुंडीला मात्र थंडी चहूबाजूंनी लागते, हे आपण विसरतो.

मग काठाला चार तुराट्या खोचा आणि वरून जुनं सुती लुगडं सोडा, पार जमिनीपर्यंत. कापड पानांना लागता कामा नये. दिवस मावळायच्या आत झाका, ऊन आलं की काढा. दिवसभर झाकून ठेवलेली कुंडी तापतच नाही, मग रात्री ऊब आणायची कुठून?

पाणी दुपारच्या आत, फक्त मातीला. ओलसर माती दिवसाची ऊब कोरडीपेक्षा जास्त धरते. मोगऱ्याला मात्र हात आखडता ठेवा. तो थंडीत पानं गाळून झोपतो आणि रोजच्या पाण्यानं मुळं कुजतात. शेजारचं कोणी संत्र्याच्या बागेसारखा धूर करायला सांगेल. चार कुंड्यांसाठी रात्रभर डोळे चोळत बसायची हौस असेल तर करा.

यंदाही पानं काळी पडली तर लगेच तोडू नका, छाटणी नको आणि युरिया तर मुळीच नको. त्यानं कोवळी फूट निघते आणि पुढच्या गारठ्यात तीच आधी मरते. फांदी जिवंत आहे का ते नखानं साल खरवडून बघा. आत हिरवं दिसलं तर हात लावू नका. तपकिरी आणि कोरडी लागली तर होळीच्या सुमाराला हिरवं लागेल तिथवर छाटा, शेणखतही तेव्हाच द्या.