ऑफिसमधल्या बुरशीमुळेच मी आजारी पडलोय, हे सिद्ध कसं करायचं?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसच्या भिंतीला ओल येऊन बुरशी धरलीय, चार महिने खोकला आणि धाप आहे आणि साहेब म्हणतात, "पावसाळ्यात सगळ्यांनाच होतं, पुरावा आणा." हेच वाक्य मीही ऐकलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी ठाण्यातल्या एका संस्थेच्या रेकॉर्ड रूममध्ये होतो. एसीचं पाणी भिंतीत मुरायचं, रंगाचे पोपडे सुटलेले. खालच्या रॅकवरचा गठ्ठा सोडला की फायलींच्या पुठ्ठ्यावर हिरवट करड्या भुकटीचे गोल दिसायचे. मी कोरड्या फडक्याने ते झटकायचो, म्हणजे सगळं नाकातच घ्यायचो. तुम्ही तसं करू नका.

पुरावा म्हटलं की आपण आधी बुरशीच्या मागे लागतो. मीही हवेचा नमुना तपासून घ्यायला खासगी लॅबकडे निघालो होतो, छातीच्या डॉक्टरांनी थांबवलं. बुरशीचे बीजाणू बाहेरच्या हवेतही असतात आणि अमुक आकड्यापर्यंत चालेल अशी सर्वमान्य मर्यादाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांतही तसा आकडा नाही. ओल आणि बुरशी दिसली तर ती काढा, असंच त्यात म्हटलंय. म्हणजे पैसे घालून रिपोर्ट आणला तरी साहेब विचारणार, "बरं, मग?" भिंतीचे तारखेसह फोटो काढून ठेवा, तेवढे पुरे.

"भिंत मोजू नका, फुप्फुस मोजा," असं डॉक्टर म्हणाले. पीक फ्लो मीटर नावाची प्लॅस्टिकची नळी मेडिकलमध्ये काही शे रुपयांत मिळते. जोरात फुंकलं की श्वास मिनिटाला किती लिटर वेगाने बाहेर पडला ते काटा दाखवतो; आकडा मोठा म्हणजे श्वास मोकळा. दर वेळी तीनदा फुंकायचं आणि सगळ्यात मोठा आकडा वहीत लिहायचा. उठल्यावर, दुपारी, ऑफिस सुटताना, झोपताना, असं दिवसातून चार वेळा तरी, निदान चार आठवडे. त्यात सुट्टीचे दिवस यायलाच हवेत. शेजारी त्या दिवशी कुठे बसलात तेही लिहा. इन्हेलर मनाने बंद करू नका. औषध बदललं तर तारीख टाका.

माझा आकडा सोमवारी सकाळी ४३० च्या आसपास असायचा, शुक्रवारी संध्याकाळी ३४०. गणपतीला नऊ दिवस कणकवलीजवळ गावी होतो. पाचव्या दिवसानंतर तो ४६० च्या खाली आलाच नाही, आणि गावी तेव्हा पाऊस नुसता कोसळत होता. "पावसाळ्यात सगळ्यांनाच होतं" याचं उत्तर त्या वहीत होतं.

ही वही घेऊन छातीच्या डॉक्टरांकडेच जा. ते स्पायरोमेट्री, म्हणजे मशीनमध्ये फुंकून फुप्फुसाची तपासणी, करतील, बहुधा अ‍ॅलर्जीची टेस्टही. ती पॉझिटिव्ह आली तर तुम्हाला त्या बुरशीची अ‍ॅलर्जी आहे एवढंच कळतं; ती ऑफिसातली की आणखी कुठली, हे टेस्ट सांगत नाही. निगेटिव्ह आली म्हणून विषयही संपत नाही. कामावर गेल्यावर चार ते आठ तासांनी थंडी-ताप, अंगदुखी, कोरडा खोकला येत असेल तर ते आवर्जून सांगा. तो दम्याहून वेगळा, फुप्फुसाला सूज आणणारा आजार असू शकतो आणि त्याला सीटी स्कॅन लागतो. साखर कारखान्यांत साठवलेल्या, बुरसलेल्या बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) धुळीने होणारा बगॅसोसिस याच जातीचा. तो कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत नावानिशी आहे. आधी १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात होता, आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही आहे. सेंद्रिय धुळीमुळे होणारी फुप्फुसाची अ‍ॅलर्जीही त्याच यादीत आहे, हे वकिलाशी बोलताना लक्षात ठेवा. पगार २१,००० पर्यंत असेल आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापलं जात असेल तर फरक पैशातही पडतो: साध्या आजारपणाला वेतनाच्या ७० टक्के मिळतात, कामामुळे झालेला आजार मान्य झाला तर तात्पुरत्या अपंगत्वाचे ९० टक्के.

शंभर टक्के सिद्ध करायच्या नादाला लागू नका. "कामामुळे असण्याची शक्यता जास्त" इथपर्यंत पोचलात तरी खूप झालं. माझ्या सर्टिफिकेटवर डॉक्टरांनी जवळपास तेच लिहिलं होतं. ते, वहीची झेरॉक्स आणि फोटो जोडून मी अर्ज दिला आणि पोच घेतली. त्याआधी सात-आठ वेळा तोंडी सांगितलं होतं, त्यातलं एकही कुठे नोंदलेलं नव्हतं. आवक क्रमांक पडल्यावर तीन आठवड्यांत मला तिसऱ्या मजल्यावर बसवलं. भिंतीचं काम व्हायला मात्र पुढचा मार्च उजाडला, आणि तोवर माझ्या जागी दुसऱ्या मुलाला तिथेच बसवलं होतं. त्याला मी माझं मीटर दिलं.

राजीनाम्याची घाई करू नका. नोकरी सोडली की कामाच्या दिवसांचे आकडे परत मिळत नाहीत. पण बसल्या जागी धाप लागत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर वही बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल गाठा. तसं नसेल तर आजच मीटर आणा, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीआधीचे कामाचे दोन आठवडे तरी वहीत येतील.