कुटुंबासाठीच्या ओटीटी सेवा लोक हौसेने घेतात, मग सोडून का देतात?

तुम्ही विचारलंय, की घरातल्या सगळ्यांना निर्धास्तपणे बघता येईल असं काहीतरी द्या, अशी मागणी पालक सतत करतात. तरी नेमक्या त्यासाठी निघालेल्या ओटीटी सेवांचे सदस्य टिकत का नाहीत? आणि शेवटी असंही विचारलंय, की पालक बोलतात एक आणि बघतात दुसरंच, असं आहे का?

हा शेवटचा प्रश्न मला लागला, म्हणून लिहायला बसले. मुलांच्या व्हिडिओंच्या एका सशुल्क ॲपमध्ये मी तीन वर्षं ग्राहक मदतीचं काम केलं. सदस्यत्व बंद करताना लोक काय कारण देतात ते वाचायचं आणि उत्तर द्यायचं, हे रोजचं काम. तेव्हा आधी एवढं सांगते, की पालक खोटं बोलत नाहीत. त्यांना अशी सेवा मनापासून हवी असते. पण ती हवी असण्याचे दिवस थोडे असतात, आणि सेवा काढणारे मात्र वर्षानुवर्षांचा हिशेब मांडून बसलेले असतात.

आमच्या ‘सदस्यत्व बंद करा’च्या पानावर चार पर्याय होते: महाग वाटतं, ॲप नीट चालत नाही, हवं ते सापडत नाही, आणि इतर. बहुतेक जण ‘इतर’ निवडायचे आणि खालच्या चौकटीत लिहायचे, मुलगी आता मोठी झाली. कुणी आभार मानायचं, कुणी कळवायचं की तुमची गाणी ऐकत ती बोलायला शिकली. तक्रार असती तर सोडवता आली असती. ॲप अडकत असेल तर दुरुस्त करता येतं, पैसे दोनदा कापले गेले असतील तर परत देता येतात. मूल सात वर्षांचं झालं, यावर मदत विभाग काय करणार?

धंद्यात या गळतीला चर्न म्हणतात. मोठ्यांच्या सेवेत तीस वर्षांचा प्रेक्षक पस्तिशीतही बराचसा तोच असतो. त्याच्या आवडीचं नवीन येत राहिलं की तो राहतो. तीन वर्षांचं मूल आठ वर्षांचं झालं की ते निराळंच माणूस असतं. पूर्वी जे जीव टाकून पाहायचं तेच आता त्याला बाळांचं वाटतं, आणि धाकटं भावंड ते लावून बसलं तर हे खोलीतून उठून जातं. म्हणजे कुणाची काही चूक नसताना सेवेला दर तीन-चार वर्षांनी प्रेक्षक नव्याने गोळा करावे लागतात. त्यासाठी जाहिराती, मोफत ट्रायल, सवलती, सगळा खर्च पुन्हा पहिल्यापासून.

निकलोडियनचं नॉगिन हे याचं मला सगळ्यात जास्त चुटपुट लावणारं उदाहरण. शाळेत जायच्या आधीच्या वयासाठीचं हे ॲप 2015 मध्ये आलं आणि 2 जुलै 2024 ला बंद झालं. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर बूमरँग ही 2017 पासून चालू असलेली कार्टूनची सेवाही बंद झाली, तिचे सदस्य त्याच मालकाच्या मॅक्स (म्हणजेच एचबीओ मॅक्स) या मोठ्या सेवेकडे वळवण्यात आले. पहिलीची मालकी तेव्हा पॅरामाउंटकडे, दुसरीची वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीकडे. कर्ज आणि खर्च आवरायला निघालेल्या मोठ्या कंपनीला आधी दिसते ती अशी छोटी, वेगळी, सतत भरती करावी लागणारी सेवा. त्यामुळे प्रत्येक वेळी सदस्य निघून जातात असंही नाही, कधी कधी मालकच निघून जातो.

आता पालकांच्या बाजूने बघा. आमच्याकडे बंद करण्याचे संदेश दिवसभर तुरळक यायचे आणि रात्री दहानंतर त्यांची रांग लागायची. सुरुवातीला मला याचं नवल वाटायचं. नंतर स्वतःच्या घरात बघून उलगडलं. दिवसभर ॲप मुलांच्या हातात असतं, तेव्हा त्याचा उपयोग लख्ख दिसतो. मुलं झोपली की आई किंवा बाबा जरा टेकतात, स्वतःसाठी काहीतरी लावायला जातात. त्या वेळी आमच्या ॲपमध्ये त्यांच्यासाठी काहीही नसायचं. आणि महिन्याचे पैसे कापल्याचा मेसेज वाचायला निवांतपणा मिळतो तोही त्याच वेळी. पैसे भरणारा आणि बघणारा वेगळा असला, की निर्णय भरणाऱ्याच्या मोकळ्या तासात होतो. मग तो माणूस साहजिकच अशी एक सेवा ठेवतो जिच्यात त्याचंही भागतं आणि मुलांचाही एक कोपरा आहे.

त्या कोपऱ्यात काय असतं? ‘ब्लूई’ घ्या. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला बनलेली ही लहान मुलांची कार्टून मालिका, 2018 पासूनची. एकेक भाग सात-आठ मिनिटांचा, असे दीडशेच्या आसपास. सगळे सलग लावले तर वीस तासांच्या आत संपतात. कोण किती बघतं ते मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या आकड्यांनुसार 2024 मध्ये अमेरिकेत स्ट्रीमिंगवर सर्वाधिक पाहिली गेलेली मालिका हीच, 5,562 कोटी मिनिटं. मोठ्यांच्या सगळ्या मालिकांना मागे टाकून. एवढी मिनिटं कशी झाली, हे ज्याच्या घरी लहान मूल आहे त्याला सांगायला नको: तोच भाग, पुन्हा तोच भाग, आणि झोपायच्या आधी एकदा तोच भाग. शिवाय आईबाबांची दमणूक, त्यांची एकमेकांशी होणारी थट्टा त्यात इतकी नेमकी पकडलेली आहे, की बाजूला बसलेला मोठा माणूसही उठत नाही. आणि ही मालिका अमेरिकेत मिळते डिस्ने प्लसवर, जिथे मार्व्हल आणि ‘स्टार वॉर्स’ही आहे. कुटुंबाने सगळ्यात जास्त पाहिलेली गोष्ट ‘फक्त कुटुंबासाठी’ असलेल्या छोट्या सेवेवर नव्हती, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

छोट्या सेवा बहुधा ‘आमच्याकडे काय नाही’ हे सांगून विकल्या जातात. शिव्या नाहीत, हिंसा नाही, नको ते प्रसंग नाहीत. सदस्य व्हायला हे कारण पुरतं, मीही अशाच कारणाने एक सेवा घेतली होती. पण शनिवारी संध्याकाळी आज काय बघायचं असा प्रश्न येतो तेव्हा काय नाही याने काम भागत नाही. चौदा वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी, आजी आणि दोन दमलेले पालक, या सगळ्यांना धरून ठेवेल अशी गोष्ट बनवणं हे अतिशय अवघड आणि खर्चाचं काम आहे. छोट्या सेवेला ते महिन्याला एकदाही परवडत नाही. मग कॅटलॉग जुन्या, निरुपद्रवी चित्रपटांनी भरला जातो. तो कुणाला खुपत नाही, आणि कुणी त्याची वाटही बघत नाही.

लोकांना नेमकं काय हवं होतं हे अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या विडएंजल या कंपनीच्या कहाणीत स्वच्छ दिसतं. गाजलेले चित्रपट घरी लावायचे, आणि आपल्याला नको तेवढे शब्द आणि प्रसंग गाळायचे, अशी ती सोय होती. डिस्ने, वॉर्नर ब्रदर्स वगैरे स्टुडिओंनी 2016 मध्ये कॉपीराइटवरून खटला भरला. 2019 मध्ये ज्युरीने 6.24 कोटी डॉलरची भरपाई ठरवली, पुढच्या वर्षी चौदा वर्षांत 99 लाख डॉलर देण्यावर तडजोड झाली. निकाल योग्य की अयोग्य यात मी शिरत नाही. मला दिसतं ते हे, की त्या ग्राहकांना वेगळे, सोवळे चित्रपट नको होते. बाहेर सगळे ज्याबद्दल बोलतात तेच त्यांना मुलांसोबत बघायचं होतं.

याच कंपनीने 2021 मध्ये गाळणीचा धंदा विकला आणि एंजल स्टुडिओज हे नाव घेतलं. आता त्यांचे ‘गिल्ड’ या नावाखाली पैसे भरणारे सदस्य पुढे कुठला चित्रपट घ्यायचा यावर मत देतात आणि चित्रपटगृहाची तिकिटंही मिळवतात. 2025 मध्ये त्यांची संख्या दहा लाखांच्या वर गेली. त्यांची निवड सगळ्यांना पटेल असं नाही, मलाही सगळी पटत नाही. पण पैसे भरणाऱ्या मोठ्या माणसाला त्यांनी स्वतःचं असं काहीतरी काम दिलं, हे मात्र त्यांना बरोबर सुचलं.

अजून एक घाव असतो, तो करारांचा. मालिका भाड्याने आणलेली असते, मुदत संपली की जाते. कधी खर्च वाचवायलाही काढली जाते: ऑगस्ट 2022 मध्ये एचबीओ मॅक्सने ‘सेसमी स्ट्रीट’ या लहान मुलांच्या जुन्या मालिकेचे सुमारे दोनशे भाग एका झटक्यात काढले. आमच्याकडेही एक मालिका अशीच एका रात्रीत गेली. सकाळी एका वडिलांनी फोन केला. मागे मूल रडत होतं, आणि ते मला अगदी शांतपणे विचारत होते, की याला मी काय सांगू? मोठ्या माणसाला करार समजतो. चार वर्षांच्या मुलाला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं म्हणून ते चित्र दिसेनासं झालं. त्या आठवड्यात गेलेले सदस्य मी कधीच गळतीत मोजले नाहीत. त्यांना आम्हीच घालवलं होतं.

यूट्यूबबद्दल वेगळं काय लिहू, फुकट आहे आणि न संपणारं आहे. ज्या पालकांना त्याची धास्ती वाटते तेच आमच्याकडे यायचे, आणि हात आखडता घ्यायची वेळ आली की नाइलाजाने तिकडेच परतायचे.

शाळेच्या सुट्टीत सदस्यत्व घ्यायचं आणि शाळा उघडली की बंद करायचं, असं करणारीही पुष्कळ घरं होती. अहवालात ती दर वेळी ‘गेली’ म्हणून नोंदली जायची. ती पुन्हा येतात, त्यांच्यासाठी तीन महिने थांबवण्याचं एक बटण द्या, असं आम्ही मदत विभागातून कितीदा तरी सांगितलं. बटण मिळालं नाही, कारण थांबलेला सदस्य त्या महिन्याच्या आकड्यात वाईट दिसतो.

नोकरी सोडायच्या थोडं आधी एका आईचा संदेश आला. थोरला मोठा झाला म्हणून तिने चार वर्षांपूर्वी बंद केलं होतं, आता दुसरं बाळ दोन वर्षांचं झालं होतं. थोरल्याने त्या वेळी निवडून ठेवलेली गाण्यांची यादी अजून आहे का, असं तिने विचारलं होतं. धाकटीला तीच लावायची, आणि थोरला स्वतः शेजारी बसून दाखवणार होता. मी शोधलं. बंद खात्यांची माहिती वर्षभराने पुसून टाकायची असा आमचा नियम होता.