आधी पहिलं बिल शोध

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

आपल्या लोणची-मसाल्यांचं नाव वापरू नका म्हणून त्या कंपनीने पाठवलेल्या नोटिशीचे फोटो मिळाले. नोटीस दोनदा वाचली. तुझा मेसेज मात्र एकदाच वाचला, कारण त्यात तीन प्रश्न होते आणि तिन्ही अस्थानी. आमचंच आडनाव आहे, ते कोण कसं काढून घेणार? नाव सरळ बदलून टाकलं तर कटकट मिटेल का? आणि त्यांचे वकील एवढे मोठे, आपण त्यांच्यापुढे कोण? जिथून सुरुवात करायची तो प्रश्न तू विचारलाच नाहीस. या नावाची पहिली बरणी आजीने कधी विकली आणि ते दाखवणारं आपल्याकडे काय आहे?

तेव्हा आधी पहिलं बिल शोध. बाकीचं पत्र नंतर वाचलंस तरी चालेल.

आडनावाचा मुद्दा लगेच संपवतो, कारण प्रत्येक जण तिथेच अडकतो. ट्रेड मार्क्स कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे माणूस स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरत असेल तर ते नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवलेल्या मालकाला त्याला अडवता येत नाही. पण 'प्रामाणिकपणे' हे सिद्ध करावं लागतं, आणि तू मागच्या वर्षी प्रायव्हेट लिमिटेड काढलीस. माणूस आडनाव घेऊन जन्मतो, कंपनीला ते निवडून चिकटवावं लागतं. 'महेंद्र अँड महेंद्र पेपर मिल्स'वर 'महिंद्रा अँड महिंद्रा'ने दावा लावला तेव्हा हाच बचाव झाला होता. हे आमचंच नाव, आणि कागदाचा जीपशी संबंध काय? २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पेपर मिलविरुद्धची मनाई कायम ठेवली. म्हणून उत्तराच्या पहिल्या ओळीत 'हे आमचं आडनाव आहे' असं लिहू नकोस. समोरचा वकील खूश होईल.

आता तुझ्या त्या 'आपण कोण'बद्दल. पुण्यात कॅम्पात 'बर्गर किंग' नावाचं एक खाण्याचं ठिकाण आहे, एका इराणी दांपत्याचं, १९९१-९२ च्या सुमाराचं. अमेरिकेतली त्याच नावाची साखळी १९५४ पासूनची. तिची भारतातली नोंदणी जुनी होती, पण इथे पहिलं दुकान उघडलं २०१४ मध्ये. दावा मात्र त्याआधीच, २०११ मध्ये लावलेला. जुलै २०२४ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला. आपल्याकडे पेढे वाटायचेच काय ते राहिले होते. पण डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत नाव वापरायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. तेव्हा हा खटला 'छोटा माणूस जिंकला' म्हणून मिरवू नकोस. दुकानदार एवढी वर्षं कशाच्या जोरावर टिकला ते बघ. कंपनीने इथे पाय ठेवण्याच्या कितीतरी आधीपासून तो त्या नावाने गिऱ्हाईक करत होता. म्हणजे तारखेच्या जोरावर.

याच साखळीची अमेरिकेतली एक गोष्ट मला जास्त आवडते. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक ज्युनियरने ती ऐकली आहे, आता तू ऐक. इलिनॉय राज्यात मॅटून नावाचं छोटं गाव आहे. तिथे हूट्स नावाच्या नवरा-बायकोचं आईस्क्रीमचं दुकान होतं, 'फ्रिजिड क्वीन'. त्याला जोडून त्यांनी बर्गर विकायला सुरुवात केली. घरात राणी होतीच, मग राजाही आणला. १९५७ पासून नाव 'बर्गर किंग'. १९५९ मध्ये त्यांनी ते राज्यात रीतसर नोंदवलंसुद्धा. फ्लोरिडाच्या साखळीची देशपातळीवरची नोंदणी १९६१ ची, आणि त्याच वर्षी ती इलिनॉयमध्ये शिरली. भांडण कोर्टात गेलं. राज्यातली नोंदणी आमची, तेव्हा अख्खं राज्य आमचं, असं हूट्स म्हणत होते. देशाची नोंदणी आमची, तेव्हा मॅटूनसुद्धा आमचं, असं साखळीचं म्हणणं. १९६८ मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला तो असा: मॅटूनच्या भोवतीची वीस मैल जागा हूट्सची, बाकी इलिनॉय साखळीचं.

वीस मैलच का, विचार. कारण गिऱ्हाईक तिथपर्यंतचं होतं. कागद दोघांकडेही होते, पण हक्क वापराइतकाच मिळाला. नवरा-बायकोला राज्य मिळालं नाही आणि बलाढ्य कंपनीला गाव मिळालं नाही. दोघांचंही नाव राहिलं, ज्याच्या त्याच्या हद्दीत.

आपल्याकडे शेतकऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. कसेल त्याची जमीन. तलाठ्याकडचा उतारा महत्त्वाचा, पण वहिवाट कुणाची ते आधी विचारतात. नावाच्या कायद्यात कलम ३४ हेच सांगतं. नोंदणीकृत मालकाचा पहिला वापर किंवा त्याची नोंदणी, यातली जी तारीख आधीची, तिच्याही अगोदरपासून तू सतत वापर करत असशील तर त्याला तुला हलवता येत नाही. नोटिशीत त्यांनी स्वतःचा वापर २००४ पासूनचा सांगितला आहे आणि नोंदणी २००९ ची. म्हणजे तुझी रेषा २००४. त्याच्या अलीकडचं काही कामाचं नाही, पलीकडचं हवं. तू लिहितेस, 'आजीने साधारण नव्वद-एक्क्याण्णवला सुरुवात केली असेल.' साधारण? असेल? कोर्टात या दोन शब्दांवर तारीख पडते, हुकूम मिळत नाही.

पहिलं बिल शोध.

आणि मोठ्यांनाही यातून सूट नाही. टोयोटाची 'प्रियस' गाडी जपानमध्ये १९९७ मध्ये आली, जगभर गाजली. भारतात २००१ पासून सुटे भाग बनवणारा एक कारखाना तेच नाव वापरत होता, त्याने २००२ मध्ये नोंदणीही घेतली होती. टोयोटा कोर्टात गेली. २००१ च्या आधी भारतातल्या गिऱ्हाइकाला तुमची प्रियस माहीत होती याचा पुरावा काय, असं विचारल्यावर द्यायला पुरेसं काही नव्हतं, आणि डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टोयोटा हरली. जगभरच्या कीर्तीचा इथे उपयोग नाही, इथल्या बाजारातली ओळख दाखवावी लागते. टोयोटाला जे दाखवता आलं नाही ते तुला सांगलीतल्या माळ्यावर सापडू शकतं. म्हणून तुझ्या त्या 'आपण कोण'चा मला राग येतो.

बिल म्हणजे छापील पावतीच असं समजू नकोस. आजी वाण्याकडे उधारीवर बरण्या ठेवायची ना? मग त्या वाण्याच्या खतावणीत आपलं नाव असेल. लेबलं कुठल्या छापखान्यात छापली, त्याचं बिल. महिला मंडळाच्या प्रदर्शनातल्या स्टॉलची पावती. गावच्या साप्ताहिकातली किंवा दिवाळी अंकातली कोपऱ्यातली जाहिरात, तारखेसकट. नगरपालिकेचा अन्न परवाना, बँकेतलं चालू खातं उघडल्याचा फॉर्म. नात्यातल्या कुणी मुंबईहून मसाला मागवलेलं पोस्टकार्डसुद्धा चालेल, शिक्का वाचता आला पाहिजे. पण प्रत्येक कागदावर दोन गोष्टी हव्यात: ते नाव आणि तारीख. नुसतं 'मसाले, ५ किलो' काय कामाचं?

एक सांगून ठेवतो. सापडलं नाही तर बनवून घेऊ नकोस. जुन्या तारखेची बिलं करून देणारे लोक असतात आणि गडबडीत ते मूर्खपणाही करतात. एका पक्षकाराने माझ्यासमोर १९९४ चं बिल ठेवलं होतं, त्यावर जीएसटी नंबर छापलेला. जीएसटी आला २०१७ मध्ये. मी फाईल बंद करून त्याला दारापर्यंत सोडून आलो.

दुसरी गोष्ट तुला आवडणार नाही. आजीचा वापर आपोआप तुझा होत नाही. तिच्याकडून तुझ्या वडिलांकडे, त्यांच्याकडून तुझ्या कंपनीकडे नाव कसं आलं याचा कागद लागेल. मृत्युपत्र, वाटणीपत्र, भागीदारीचा दस्त, काहीतरी. आणि तुझे चुलते कोल्हापुरात त्याच नावाने पापड विकतात, हे तू मेसेजमध्ये कंसात घातलंस. ते कंसात घालण्यासारखं नाही. हल्दीराम कुटुंबाने १९७४ मध्ये भागीदारी मोडली, नाव पश्चिम बंगालसाठी एकाकडे आणि उरलेल्या देशासाठी दुसऱ्यांकडे असं लिहून घेतलं, तरी पुढच्या पिढीत एका शाखेने दिल्लीत पाटी लावली आणि कित्येक वर्षं कोर्टात गेली. त्यांच्याकडे निदान लिहिलेलं होतं. कोल्हापूरच्या चुलत्यांशी याच आठवड्यात बोल. नोटीसवाल्या कंपनीशी नंतर.

नाव बदलण्याविषयी मी अजून काही बोललो नाही. तुझ्या बाबांनी तुला ती पेढेवाल्याची गोष्ट सांगितली असणार, म्हणून तू भीत भीत विचारलंस. तर सांगतो.

तालुक्याच्या गावातला पेढेवाला होता. त्याच्याकडे बिलं होती, वडिलांच्या हातची कीर्द होती, सगळं होतं. समोरची कंपनी म्हणाली, नाव बदला, नव्या पाट्यांचा आणि खोक्यांचा खर्च आम्ही देतो. तो तयार होता. मी नको म्हणालो. दावा चालला, अपील झालं. दावा लागलेला माल ठेवायला शहरातले दुकानदार कचरू लागले, मुलाने पिंपरीत नोकरी धरली. शेवटी नाव त्याचंच ठरलं, पण निकाल हातात आला तेव्हा भट्टी बंद होती. वकिलाने स्वतःच्या हट्टापायी त्याला बुडवलं, असं गावात म्हणतात. तुझे बाबाही म्हणतात, मला ठाऊक आहे.

मला त्याची खंत आहे. चूक मी म्हणणार नाही. त्याने पैसे घेऊन नाव सोडलं असतं तर पुढच्या तालुक्यातल्या दुकानदारालाही तशीच नोटीस गेली असती आणि त्यानेही सोडलं असतं. नोटिशी अशाच खपतात. दहा जणांना पाठवल्या की आठ जण न वाचताच पाटी उतरवतात. मी एक पाटी उतरू दिली नाही. भट्टी का बंद पडली याला दूध, उधारी, मुलाची आवड, अशी पुष्कळ कारणं होती. पण जाऊ दे, हे तुला समजावण्यात माझी दोन पानं गेली आणि तुझं काम राहिलं.

तुला मी लढ म्हणत नाहीये, नीट वाच. बिल शोध म्हणतोय. बिल हातात असलं की लढता येतं आणि बसून बोलताही येतं. नसलं की फक्त ऐकून घ्यावं लागतं. मग नाव बदललंस तरी त्यांनी ठरवलेल्या दिवशी, त्यांनी टाकलेल्या किमतीत.

बोलणी झालीच तर हद्द लिहून घे, आणि आजच्या मालाची लिहू नकोस, उद्याच्याही मालाची लिही. बीटल्सच्या 'ॲपल कोअर'ने आणि संगणकवाल्या 'ॲपल'ने १९८१ मध्ये वाटणी केली की संगीत तुमचं, संगणक आमचे. पुढे संगणकातूनच गाणी वाजायला लागली. १९९१ मध्ये दुसरा करार झाला, २००३ मध्ये गाण्यांच्या ऑनलाइन दुकानावरून पुन्हा दावा, २००६ मध्ये लंडनच्या न्यायालयात संगणकवाले जिंकले आणि २००७ मध्ये सगळं नाव त्यांच्याकडे गेलं. संगीतवाले आता तेच नाव त्यांच्या परवान्याने वापरतात. तू आज लोणची-मसाले विकतेस. उद्या चटण्या, तयार भाज्या, दुबईला निर्यात, ॲपवरून विक्री. 'फक्त सांगली जिल्ह्यात' असं वाक्य समोर आलं तर सही करण्याआधी ऑनलाइन ऑर्डरी कुठून येतात ते मोज.

आता मुदतीचं. पंधरा दिवस हे त्यांनी घातलेले आहेत, कायद्याने नव्हे. पण गप्प बसू नकोस. एकतर्फी मनाई मिळू नये म्हणून सांगलीत आणि त्यांच्या गावच्या न्यायालयात कॅव्हेट, म्हणजे आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका असा अर्ज, दाखल करून घे. ते नव्वद दिवस चालतं, नंतर पुन्हा भरावं लागतं. स्वतःच्या नावाच्या नोंदणीचा अर्जही टाक. छोट्या उद्योगाला ऑनलाइन साडेचार हजार रुपये शुल्क आहे, पण त्यासाठी कंपनीकडे उद्यम नोंदणी हवी. पूर्वीपासूनचा वापर सांगशील तर सोबत शपथपत्र आणि कागद जोडावे लागतात. म्हणजे फिरून तिथेच आलो.

मधली दोन वर्षं आजीच्या आजारपणात काम बंद होतं म्हणतेस. 'सतत वापर' म्हटल्यावर समोरचा वकील बोट तिथेच ठेवणार. दवाखान्याचे कागद आणि त्या काळातही एखादी फुटकळ विक्री झाली असेल तर ती वेगळ्या फाईलला लाव.

उत्तर सांगलीतल्या वकिलाकडून जाऊ दे, मी आता कोर्टात उभा राहत नाही. त्यात आजीचं कौतुक नको, तिने किती कष्टाने उभं केलं तेही नको. तारखा, त्या दाखवणारे कागद, आणि चर्चेची तयारी आहे एवढं एक वाक्य. मसुदा आधी मला पाठव, टाईप केलेला, फोटो नको, डोळ्यांना त्रास होतो. आणि माळ्यावर चढताना बाबांना शिडी धरायला सांग, ते नको म्हणाले तरी.

तुझा,
काका