हिदात्सा लोक कोणती झाडं-पिकं कशासाठी वापरायचे?

हिदात्सा म्हणजे अमेरिकेत नॉर्थ डकोटात मिसुरी नदीकाठी राहणारे मूळनिवासी लोक, आणि शेती सगळी बायकांच्या हातात. मका, बीन्स, भोपळा, सूर्यफूल ही मुख्य पिकं. मका कधी पेरायचा हे कॅलेंडर बघून नाही, तर जंगलातल्या गूजबेरीच्या झुडपाला पालवी किती फुटली ते बघून ठरायचं, मला हे फार आवडतं.

सूर्यफुलाचं तर ऐकाच. बिया मातीच्या मडक्यात भाजायच्या, कुटायच्या, मग ते पीठ मुठीत घट्ट दाबून लाडू वळायचा, बियांचंच तेल सुटतं म्हणून तो सुटत नाही, आपला तिळकूट मुठीत दाबला तर होईल ना तसंच काहीसं. लढाईला जाणारे हा लाडू सोबत न्यायचे आणि दमले की थोडा कुरतडायचे. भोपळ्याच्या चकत्या विलो नावाच्या झाडाच्या काडीत ओवून वाळवायच्या, जूनबेरीसारखी रानफळंही हिवाळ्यासाठी सुकवून ठेवायची. तंबाखू मात्र म्हातारे पुरुष वेगळा लावायचे. हे सगळं बफेलो बर्ड वुमन या हिदात्सा आजींनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बारीकसारीक तपशिलासकट सांगून ठेवलं, म्हणून आज आपल्याला कळतंय.