कौलावरची छत्री आणि वळवाची वीज

प्रश्न : काका, आमचं घर देवरुखजवळ, जांभ्याचं, कौलारू. पडवीच्या कोपऱ्यावर लोखंडी पाइपला फ्री डिशची छत्री आहे. मुसळधार पावसात चित्र जातं, ते एक वेळ चालवून घेऊ. पण हल्ली नुसता वारा सुटला तरी पडद्यावर चौकोन चौकोन दिसतात, आवाज तुटतो. वायरमन म्हणतो, डिशला अर्थिंग नाही म्हणून असं होतं. सळई ठोकून वायर बांधली की चित्र स्वच्छ होईल. सासरे म्हणतात, लोखंडाला अर्थिंग दिलं तर वीज उलट घरावर ओढून घेऊ. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, ता. संगमेश्वर

उत्तर : ताई, चित्रापुरतं वायरमनचं ऐकू नका आणि विजेपुरतं सासऱ्यांचं.

अर्थिंगने चित्र सुधारत नाही. तीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले, एकदाही सुधारलेलं पाहिलं नाही. त्यासाठी केबल कापून घातलेला जोड गंजला आणि होतं तेही चित्र गेलं, असं मात्र बऱ्याचदा पाहिलंय.

तुमच्या पत्रातला माझ्या कामाचा शब्द ‘वारा’. वाऱ्याने एक तर पाइप हलतो, नाही तर झाड. जांभा मऊ दगड. त्यातले बोल्ट दोन-तीन पावसाळ्यांत सैल होतात. त्यात वानर छत्रीवर बसून गेलं असेल तर विचारायलाच नको. उघडीप असताना बॉक्सच्या मेन्यूत सिग्नलचं पान लावा. दोन पट्ट्या दिसतील. स्ट्रेंग्थची पट्टी बघून खूश होऊ नका. छत्री भलतीकडे बघत असली तरी ती भरलेली दिसते. बघायची ती क्वालिटी. एकाने कौलांवर न चढता, भिंतीला लावलेल्या शिडीवरून, पाइप हळूच ढकलायचा आणि दुसऱ्याने आतून आकडा ओरडून सांगायचा. आकडा कोसळला तर बोल्ट. ओल्या कौलांवर चढायचं नाही, तेवढं ऐका.

पाइप घट्ट निघाला तर आग्नेयेकडे बघा. फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. तुमच्याकडून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर येतो. छत्रीच्या तोंडावरून अंदाज बांधू नका, ती दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघते. चार मीटरवरचा आंबा आडवा यायला छत्रीच्या पातळीपेक्षा सात मीटर उंच हवा. पाच वर्षांपूर्वी नसलेली फांदी आता तिथे पोचली असेल. ओली पालवी कोरड्या पानांपेक्षा जास्त सिग्नल खाते.

पावसाचंही एक बघून ठेवा. सर थांबल्यावर दहा मिनिटांत चित्र परत आलं, तर तो पावसाचाच दोष. छत्री अचूक लावून थोडा कमी होतो, जात नाही. दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत परतलं नाही, तर एलएनबीच्या (छत्रीसमोरच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा डबा) तोंडाशी कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय. उघडल्यावर तांबं हिरवं दिसेल. कनेक्टर नवा घाला, केबलचं टोक कापून, आणि जोडाखाली केबलला एक झोळ ठेवा, म्हणजे पाणी तिथून गळून पडेल.

आता वीज. लोखंडी पाइप आधीच उंचावर उभा आहे. खाली वायर जोडल्याने तो विजेला जास्त प्रिय होत नाही. थेट वीज पडली तर घरगुती अर्थिंग काही वाचवत नाही, हेही खरं. पण जवळपास पडलेल्या विजेचा धक्का केबलमधून आत येतो, त्याला वाट हवी. ती वाट कशी द्यायची नाही, ते मी स्वतःच्या घरी शिकलो. छत्रीसाठी परसात वेगळी सळई ठोकली आणि मोठ्या रुबाबात तिला वायर बांधली. एका मे महिन्यात कुंपणालगतच्या माडावर वीज पडली. घराची अर्थिंग एकीकडे, छत्रीची दुसरीकडे. दोन्हींत क्षणभर जो फरक पडला तो बॉक्स आणि टीव्हीमधून वाहून गेला. दोन्ही जळाले.

तेव्हा सळई ठोकलीच तर ती मीटरच्या बोर्डाजवळच्या मुख्य अर्थिंगला जोडून घ्या. पाइपपासून खाली १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, शक्य तितकी सरळ आणि आखूड. केबल घरात शिरते तिथे तिचं जाळीचं आवरणही त्याच अर्थिंगला जोडायचं. तिथला जोड मात्र पागोळ्यांपासून आडोशाला ठेवा. बोर्डावरचं काम परवानाधारक माणसाकडूनच.

आपल्याकडची खरी अडचण कातळाची. जांभ्यातून पाणी निथळून जातं, एप्रिलमध्ये जमीन ठणठणीत कोरडी होते, आणि वळवाच्या विजा नेमक्या तेव्हाच. (भर जुलैत धो धो पाऊस असतो, पण गडगडाट कमी.) अर्थिंगचा खड्डा न्हाणीचं पाणी जातं त्या माडाच्या आळ्याशेजारी घ्या, बारमाही ओल राहील.

आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ हे विजेचा इशारा देणारं अ‍ॅप मोबाइलवर घ्या. इशारा आला की टीव्हीची आणि बॉक्सची पिन काढा, छत्रीची केबलही बॉक्समागून सोडवा. डोक्यावर कडकडाट सुरू झाल्यावर मात्र केबलला हात लावायचा नाही. त्या वेळी बॉक्स गेला तर जाऊ दे.

पाइप हलवून पाहिलात की क्वालिटीचे दोन्ही आकडे, ढकलण्याआधीचा आणि ढकलतानाचा, लिहून पाठवा.