संघ, घण आणि फेडरलिस्ट

प्रश्न असा आला आहे: "अमेरिकेच्या राज्यघटनेच्या जन्मकथेवरील पुस्तकाचा अनुवाद करतो आहे. 'फेडरलिस्ट'ला संघवादी म्हणावे की संघराज्यवादी? आणि 'अँटिफेडरलिस्ट'चे काय करावे?"

'संघवादी' लिहूच नका. वाचक फिलाडेल्फिया सोडून थेट रेशीमबागेत पोहोचेल. 'संघराज्यवादी'ला कोशवाले मान डोलावतील, पण माझे डोके त्यानेच फिरते. हल्ली वाहिन्यांवरच्या चर्चेत राज्यांच्या वाट्यासाठी भांडणारा जो तो 'फेडरलिस्ट' ठरतो. अहो, १७८७ साली ज्यांनी हे नाव लावले ते नेमके पलीकडच्या बाजूचे होते. केंद्र बळकट करा म्हणणारे!

मुळात नावच पळवलेले. लॅटिन 'फोएदुस' म्हणजे तह, करार. भरवसा या अर्थाच्या 'फिदेस'चे ते भावंड. म्हणजे फेडरल कारभार एकमेकांच्या शब्दावर चालायचा. १७८१ पासून तेरा राज्यांचा कारभार तसाच चालला होता. काँग्रेसला, म्हणजे या राज्यांच्या सामाईक प्रतिनिधिसभेला, कर बसवण्याचा अधिकार नव्हता. ती राज्यांकडे पैसे मागायची, राज्ये वाटले तर द्यायची. ३० मे १७८७ रोजी फिलाडेल्फियात, नवी घटना लिहायला बसलेल्या घटनासभेत, गव्हर्नर मॉरिसने (गव्हर्नर हे त्याचे पाळण्यातले नाव, हुद्दा नव्हे) हा फरक लॅटिन कोश मांडीवर घेतल्यासारखा सांगितला: फेडरल म्हणजे करणाऱ्यांच्या इमानावर टेकलेला नुसता करार, आणि नॅशनल म्हणजे सक्ती करू शकणारे पुरे सरकार. त्याला हवे होते दुसरे.

त्याच सभेतला न्यूयॉर्कचा प्रतिनिधी हॅमिल्टन तर आणखी पुढे गेला. १८ जूनच्या त्याच्या लांबलचक भाषणात वर्तन नीट असेपर्यंत, म्हणजे जवळजवळ तहहयात, राहणारा सर्वोच्च शासक होता आणि राज्यांचे गव्हर्नर नेमायचे होते केंद्राने. (आपल्याकडच्या राज्यपालांची आठवण झाली ना? मलाही झाली.) पण 'नॅशनल' म्हटले की लोक बिचकत. दोनच दिवसांनी तो शब्द ठरावातून गाळला गेला. पुढे घटनेच्या बाजूने पंचाऐंशी लेख छापून आले ते 'फेडरलिस्ट' या नावाने, आणि कराराचा जुना अर्थ जपणारे बिचारे 'अँटि' ठरले. त्या लेखकांपैकी एक असलेल्या मॅडिसनने एकोणचाळिसाव्या लेखात कबूल केले की नवी घटना धड फेडरल नाही, धड नॅशनल नाही, दोन्हींचे मिश्रण आहे. व्हर्जिनियात घटनेचा विरोधक पॅट्रिक हेन्री विचारत होता, "आम्ही राज्ये" असे न लिहिता "आम्ही लोक" लिहायचा अधिकार यांना दिला कोणी? माझ्या हिशेबी अस्सल फेडरल माणूस तोच.

आता ज्यासाठी एवढे लिहिले ते. आपला 'संघ' कराराचा नव्हेच. काही मंडळी तो 'संग'चा ठासून केलेला उच्चार मानतात. त्यांनी पाणिनी उघडावा. 'संग' आला सञ्ज् धातूपासून, म्हणजे चिकटणे. 'संघ' आहे सम् + हन्, म्हणजे एकत्र ठोकणे. 'सङ्घोद्घौ गणप्रशंसयोः' असे त्यासाठी चक्क वेगळे सूत्र आहे: गण म्हणायचा असेल तर 'संघ', एरवी 'संघात'. याच हन् पासून 'घन', आणि त्यापासून लोहाराचा 'घण'. 'घात' आणि त्याचा मराठी 'घाव' हेही याच घरातले. थोडक्यात, तुकडे भट्टीत लाल करून घणाखाली एकजीव केले की झाला संघ. आणि पाणिनीच्या काळात 'संघ' हे राजा नसलेल्या राज्यांचेही नाव होते. असे संघ कसे फोडावेत यावर कौटिल्याने 'अर्थशास्त्रा'चे अख्खे अकरावे अधिकरण (प्रकरण) खर्ची घातले आहे. ठोकून जोडलेले फोडायला तेवढे लागतेच.

म्हणून गंमत बघा. हॅमिल्टनला जे हवे होते त्याला आपला 'संघ' चपखल बसतो, त्याचा स्वतःचा 'फेडरल' बसत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत 'युनियन' शब्दाचे समर्थन केले तेही याच अंगाने: भारताचे संघराज्य घटक राज्यांच्या करारातून जन्मलेले नाही, म्हणून कोणालाही त्यातून फुटून निघता येणार नाही. 'राज्यांचा संघ' म्हणताना आपण हन् धातूच वापरतो. 'फेडरल' आणि 'युनियन' दोन्हींवर 'संघ' चिकटवून मोकळे होणाऱ्या परिभाषाकारांना हे दिसले नाही, की बघायचे नव्हते?

हां, तुमचा प्रश्न राहिलाच. 'फेडरलिस्ट' तसेच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'बळकट केंद्राचे पुरस्कर्ते' एवढे जोडा. 'अँटिफेडरलिस्ट'साठी एल्ब्रिज गेरीचा सल्ला घ्या. याच गृहस्थांच्या नावावरून पुढे 'जेरीमँडर' (मतदारसंघांच्या सीमा आपल्या सोयीने आखणे) शब्द निघाला. घटनेवर सही न करणाऱ्या तिघांतला हा एक. १७८९ मध्ये तो म्हणाला, ही नावेच चुकली, खरा वाद घटनेला मंजुरी द्यावी की नाही एवढाच होता. मंजुरी म्हणजे 'रॅटिफिकेशन', तेव्हा दोन्ही पक्षांना 'रॅट' आणि 'अँटिरॅट' म्हणा. कोटी मराठीत उतरत नाही. तरी 'उंदीर' आणि 'उंदीरविरोधी' छापायला माझी काही हरकत नाही. तुमच्या संपादकांना विचारून घ्या.